हळदीला न जेवलेलं गाव

पनवेल,
१२ जानेवारी २०२५

प्रिय समी,

आशीर्वाद आहेतच, ते दरवेळी कागदावर उतरवत नाही. मी बरी आहे. तुझ्या बाबांचा, आमच्या दाजीचा, गुडघा धरलाय. तुझी आई रोज सकाळी शेक देते आणि शेकता शेकता त्याला बोलूनही घेते, म्हणजे दोन्ही कामं एकदमच होतात. तुझी बहीण हेतल मजेत. हैदराबादला थंडी आहे लिहिलंस. पनवेलला यंदा नुसती धूळ आहे.

तुझा निरोप मोबाइलवर वाचला. ‘आत्या, आउटडू या इंग्रजी क्रियापदाला मराठीत काय काय म्हणता येईल? आपल्याकडची जिवंत वाक्यं दे, कोशात घालायची आहेत.’ मला त्या काचेवर बोटं आपटून विचार करता येत नाही. म्हणून पत्र. उभी हयात शाळेत मराठी शिकवली, शाळा सुटल्यावर सभा गाजवल्या, आणि भाची शब्द विचारते तेव्हा ‘ओके’ लिहून मोकळी होऊ?

कोशातले शब्द तुझ्याकडे असणारच. मात करणे, वरचढ ठरणे, मागे टाकणे, सरस ठरणे, कुरघोडी करणे. पण एकही नेमका बसत नाही. मागे टाकणं हे शर्यतीतलं. सरस ठरणं गुणांचं, तिथे समोर कोणी नसलं तरी भागतं. कुरघोडीत कपट आलं. या क्रियापदाचं तसं नाही. दुसऱ्याने जे केलं तेच करायचं, फक्त त्याच्याहून जास्त. म्हणजे याला समोर एक शेजारी लागतोच. शेजारी उठून गेला तर हे क्रियापद उपाशी मरेल.

उदाहरणांसाठी गावाबाहेर जायला नको. प्रकल्पात जमिनी गेल्या, मोबदले आले, आणि आपल्या आळीत काय झालं तू पाहिलंसच. चांगादादाने दोन मजले चढवले, समोरच्याने तीन. मग चांगादादाने गच्चीवर पत्रे टाकले आणि त्याला चौथा मजला म्हणायला लागला! हळदीचंही तेच. एकाने एक डीजे आणला की दुसऱ्याचे दोन, समोरासमोर. तुझ्या मामाचा निकेश आठव. आधीच्या हळदीत नवरदेव घोड्यावरून आला होता, म्हणून हा जेसीबीच्या खोऱ्यात बसून आला. खाली उतरताना त्याची शेरवानी की काय ती दात्यात अडकली.

शिरढोणच्या सभेत मी हेच सांगितलं. म्हटलं, ‘तुमच्या आज्यांनी मिठागरात पाय कुजवले ते डीजेच्या भिंती उभ्या करायला नाही! ज्या पोरीच्या नावाने हा धिंगाणा, ती पोर आत एका खोलीत बसून कान दाबते, तिला कोणी विचारलंय?’ बायकांनी टाळ्या दिल्या. पुरुषांनी माना खाली घातल्या. मला दोन्ही आवडतं.

आणि आता बातमी. साध्या लग्नांच्या माझ्या चळवळीने मूळ धरलं. समाजाच्या मंडळाने बक्षिसाची ढाल ठेवली आहे, सगळ्यात साधं लग्न करणाऱ्या घराला. गावं इरेला पेटली आहेत. करंजाड्याच्या एका घराने शंभर माणसांत लग्न उरकलं. लगेच पलीकडच्या गावाने पन्नासांत उरकलं आणि त्याचा बॅनर लावला. मी मंडळाला सांगून आले, आमचं गाव पंचविसांत करून दाखवेल.

होय. हेतलचं ठरलं.

मुलगा हितेश, पेणच्या पलीकडचा. माझ्या सभांना पहिल्या रांगेत असायचा. एक दिवस जवळ येऊन म्हणाला, ‘मॅडम, मला हुंडा नको, मानपान नको, हळदसुद्धा नको. सह्या करू आणि चहा पिऊ.’ असा मुलगा आपल्या समाजात जन्मला यावर माझा विश्वास बसेना. दाजी म्हणाला, ‘बाय, जरा त्यांच्या गावात इचारून येतू.’ मी म्हटलं, तो तोंडाने सांगतोय ते ऐक की, आणखी गावाला काय विचारायचं?

हेतल एकच म्हणाली. ‘आत्या, निदान ठमाबायचा धवला असू दे ना. अंगणात, चार बायका.’ तुला ठाऊकच आहे, आपल्याकडे भटजी नंतर, आधी धवलारीण. तिच्या गाण्याशिवाय लग्न लागलं असं जुन्या बायका मानतच नाहीत. मी म्हटलं, ‘चार म्हणतेस, चाळीस येतील, त्यांच्यामागे बेंजोचा ताफा येईल. दार किलकिलं ठेवलं की झालंच.’ ती पुढे काही बोलली नाही. समजूतदार आहे.

आता तुझ्याविषयी. पंचवीस म्हणजे दोन्हीकडचे मिळून. त्यात मंडळाचीच दहा माणसं होतात, आणि ढाल तीच देणार, त्यांना कसं टाळू? तेव्हा बाळा, तू रजा काढून येऊ नकोस. सख्ख्या बहिणीनेही त्याग केला, हे मी त्या दिवशी भाषणात सांगणार आहे. त्याचा परिणाम मोठा होईल.

वाक्य लिहून घे. ‘साधेपणात आमच्या गावाने साऱ्या तालुक्यावर मात केली.’ अजून केलेली नाही, पण तुमचा कोश छापून येईपर्यंत नक्की.

भाषणाची तयारी करत बसलेली,
तुझी वेणूआत्या


पनवेल,
३० मार्च २०२५

प्रिय समी,

लग्नानंतर तुझं पत्र नाही, फोन नाही. काल एकदम दोन ओळी आल्या. एकीत ‘नॉट टू बी आउटडन’ या प्रयोगाचं काय करू, आणि दुसरीत, हेतल फोन का उचलत नाही. इकडे सगळे बरे आहेत हे आधी सांगते. पहिल्याचं उत्तर पहिलं.

याला आपल्याकडे ‘तेही मागे राहिले नाहीत’ म्हणतात. पण इंग्रजीत एक झोंबणारी कळ आहे ती यात उतरत नाही. दुसऱ्याने आपल्याहून जास्त केलं हे सहन न होऊन उठायचं, ती कळ. आपल्या लग्नाच्या आठवड्यातच पलीकडच्या गावाने चोविसांत एक लग्न लावलं आणि पेपरात फोटो दिला. मंडळाच्या अध्यक्षांचा मला फोन. ‘वेणूताई, चोवीस झालं हो त्यांचं.’ मी तिथल्या तिथे पंचवीसचे वीस केले. तुझ्या मामांना सांगितलं, येऊ नका. हितेशला विचारलं तर तो म्हणाला, ‘माझ्याकडून मी आणि आई पुरे. गावातलं कोणी नकोच.’ बघ, असा माणूस! त्यालाही ती कळ होती असं मला वाटलं.

लग्न छान झालं. ओटीवर टेबल, टेबलावर रजिस्टर, दोन हार, आणि माझं भाषण. चांगादादा त्याच्या चौथ्या मजल्यावर उभा राहून बघत होता. आळीतली दारं लोटलेली होती. कोणाला बोलावलंच नव्हतं, तर उघडी तरी कशाला ठेवतील? ठमाबाय तेवढी आली. नवं लुगडं नेसून फाटकाशी उभी. मी पुढे झाले तर म्हणाली, ‘म्या गात नाय, बाय. निसती उबी रातंय.’ मी तिला चहा दिला. भाषण संपल्यावर पाहिलं तर कप कट्ट्यावर तसाच भरलेला होता आणि ती नव्हती.

ढाल आपल्यालाच मिळाली. गेल्या रविवारी खांदा कॉलनीतल्या हॉलमध्ये समारंभ झाला, खुर्च्या कमी पडल्या. मी चाळीस मिनिटं बोलले. हितेश आणि हेतल मंचावर होते. हेतलने डोक्याला स्कार्फ बांधला होता, हॉलमध्ये एवढं उकडत असूनही. तिला म्हटलं, ‘हेतल, दोन शब्द बोल.’ मी तिच्या डावीकडे उभी होते. ती समोरच बघत राहिली. पुन्हा म्हटलं. तेव्हा हितेशने तिला कोपराशी धरून वळवलं आणि हसून म्हणाला, ‘तिला स्टेजची सवय नाही, मॅडम.’ सगळे हसले. मीही.

रिक्षातून येताना ढाल दाजीच्या मांडीवर होती. तो म्हणाला, ‘बाय, पोर वालली. तुला दिसला नाय?’ मी म्हटलं, नवं घर, नवं पाणी, वाळणारच. त्याने ढाल मांडीवर पालथी केली. घरी आल्यावर ढाल टीव्हीच्या वरच्या फळीवर ठेवली आणि तुझ्या आईने तिच्यावर रुमाल टाकला. धूळ फार येते म्हणाली.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. हेतल फोन उचलत नाही कारण ती संसारात आहे. हितेश उचलतो, नीट बोलतो, ‘ती कामात आहे, नंतर करेल’ म्हणतो. यात वावगं काय? तू लांब राहून शंका काढू नकोस. तुला न बोलावल्याचा राग असेल तर तो माझ्यावर काढ, मी सोसेन.

मीही केला होता फोन. मलाही त्याने तेच सांगितलं, त्याच शब्दांत.

तुझ्याशी ती काही बोलली असेल तर कळव. म्हणजे, सहज म्हणून.

घाईत,
वेणूआत्या


पनवेल,
२५ मे २०२५

समी,

आईने फोनवर सांगितलंच असेल, पण ती रडत होती, अर्धंच सांगितलं असेल. तू शुक्रवारी पोचशील. हे कुरियरने पाठवते आहे, कारण तू यायच्या आधी तुला सगळं माहीत असावं. तू समोर आल्यावर मला हे बोलता येणार नाही. मला, समी. बोलता येणार नाही.

हेतल घरी आहे. जेवते. झोपते. हे आधी.

दाजी मला न सांगता तिच्याकडे गेला होता. हितेशच्या आईने फाटकातूनच सांगितलं, ‘पोर झोपलीय.’ भर दुपार होती. दाजी रस्त्याच्या कडेला बसून राहिला. शेजारची एक बाई भांडी घासायला बाहेर आली, तिने त्याच्याकडे बघितलं आणि विचारलं, ‘तुमी बापूस का तिचं? पयलीचा बापूस बी असाच बसाचा.’

पहिली. हितेशचं आधी एक लग्न झालं होतं. ती पोर मार खाऊन रात्री शेतातून पळाली, हे त्या गावात कुत्र्यामांजरालासुद्धा माहीत आहे. आता तुला कळेल त्याला हळद का नको होती. गावातलं कोणी का नको होतं. आपल्याकडे हळदीच्या आदल्या दिवशी दोन्हीकडच्या बायका जात्यावर बसतात, आणि जातं फिरतं तशा जिभा फिरतात. त्याच्या गावच्या दोन म्हाताऱ्या जरी आपल्या अंगणात बसल्या असत्या, तरी हळकुंडं दळून व्हायच्या आत त्या पहिल्या बायकोची गोष्ट बाहेर पडली असती. मी त्या जात्याला अडगळ म्हणत आले. हितेश मात्र जात्याचं काम ओळखून होता.

मी पोलीस ठाण्यात गेले. ते म्हणाले, मुलीने स्वतः येऊन तक्रार द्यायला हवी. मुलगी फाटकाबाहेर येऊ शकत नाही म्हणूनच मी आले आहे, हे मी त्यांना तीन तऱ्हांनी सांगितलं. मंडळाच्या अध्यक्षांना फोन केला. ते म्हणाले, ‘वेणूताई, ढालीचा प्रश्न येईल हो. जरा दमाने घ्या.’

मग दाजी आणि मी देवळाच्या कट्ट्यावर गेलो. गाव बसलं होतं. आपल्या गावची रीत तू ऐकून असशील, मी तर लहानपणी पाहिली आहे. जो पोरीच्या हळदीला जेवला, तो त्या पोरीला बांधला गेला. तिला सासरी काही झालं की जेवलेलं गाव टेंपो भरून जातं आणि सासरच्या अंगणात बसतं. निकाल लागेपर्यंत त्या घरचं पाणी पीत नाही.

मी बोलले. आयुष्यात बोलले नाही असं बोलले. मग चांगादादाने तपकिरीची डबी मिटली.

‘वेणू, तू बोलतंस चांगला. पन आमी त्या पोरीची हलद जेवलो नाय. कोन्त्या तोंडान जाव? त्यानी इचारला, तुमी कोन, तं काय सांगू? पेपरान फोटू बगला म्हनून आलो?’

कोणीतरी हसलं. चांगादादाही हसला. म्हणाला, ‘आदी हलद घाल. जेवतू. मंग चल, कुटं बी चल.’

तो टोमणा होता. बोलावलं नाही त्याचा सल होता. गावात प्रत्येकाच्या पोटात तो होता, आणि साधेपणाच्या नावाखाली मी तो घरोघर वाटला होता. मी उत्तर शोधत होते. मला नेहमी सापडतं. तेवढ्यात दाजी उठला. गुडघा धरून उठला आणि म्हणाला, ‘उद्या हलद हाय. हेतलची. समद्यांनी यावा.’

चांगादादाने डबी कनवटीला लावली.

दुसऱ्या दिवशी मांडव पडला, समी. लग्न होऊन महिने झालेल्या पोरीच्या हळदीचा. तुझ्या आईने अंगणात पाट मांडला, त्यावर हळदीची वाटी ठेवली, आणि पाट रिकामा. गाव येईल की नाही, आम्हाला ठाऊक नव्हतं. ऊन उतरल्यावर एकेक जण यायला लागलं. ठमाबाय आली, पाटाशेजारी बसली. कोणी तिला गायला सांगितलं तर म्हणाली, ‘नवरी नाय तं कोनाला गाव?’ पण शेवटपर्यंत तिथून उठली नाही. वाल आणि भात होता. पंगती बसल्या. एवढी माणसं जेवत होती आणि पळीच्या आवाजाशिवाय आवाज नव्हता. चांगादादा मधल्या पंगतीत बसला होता. ‘दाजी, भात वाढ अजून. उद्या लांब जावाचा हाय.’ तेव्हा तुझा बाप कोपऱ्यात जाऊन टोपलीवर वाकला आणि बराच वेळ सरळ झाला नाही.

मी वाढत होते. मला कोणी बोलायला सांगितलं नाही.

सकाळी टेंपो निघाले आणि त्याच्या गावी थांबले. हितेश दारात आला आणि एवढ्या माणसांतून नेमका माझ्याकडे आला. हात जोडून, तोच सभेतला आवाज. ‘मॅडम, तुम्ही तर या गर्दीच्या विरोधात ना? मग हे काय?’

चांगादादा पुढे झाला. ‘आमी पोरीची हलद जेवलोय.’

हितेश म्हणाला, ‘हळद? कधी झाली हळद?’

‘काल.’

आणि गाव त्याच्या अंगणात खाली बसलं. त्याच्या आईने पाण्याची कळशी आणली, कोणी हात लावला नाही. शेजारच्या घरांतून माणसं बाहेर आली, ती भांडी घासणारी बाईही आली. तीही बसली. दुपार कलल्यावर दार उघडलं.

हेतलला दाजीने धरून आणलं. तिला स्कार्फ नव्हता.

इथल्या डॉक्टरांनी तपासलं. डाव्या कानाचा पडदा फाटलाय, आत पिकत गेलंय, आता त्या कानाने ऐकू येणार नाही. ती म्हणते, लग्नाच्या दुसऱ्या आठवड्यातलं आहे. म्हणजे खांदा कॉलनीच्या मंचावर मी तिच्या डावीकडून ‘दोन शब्द बोल’ म्हणत होते तेव्हा तिला माझा आवाज येतच नव्हता. हॉलच्या शेवटच्या खुर्चीला येत होता.

डीजे नको हे मी आजही म्हणते, उद्याही म्हणेन. जेसीबीतून येणारा नवरदेव मला उद्याही माकडच वाटेल. त्यात बदल नाही. पण ढाल मी मंडळाला परत केली. घेताना अध्यक्षांनी विचारलं, मग यंदाची ढाल त्या चोवीसवाल्यांना देऊ का? मी त्यांना म्हटलं, त्या पोरीला एकदा भेटून या आधी. ते जातील असं वाटत नाही. मी जाणार आहे.

तू कोशाबद्दल आणखी विचारलं होतंस, माणूस स्वतःलाच मागे टाकतो त्या अर्थाचं वाक्य. ते माझ्याकडे नाही. पहिल्या पत्रात दिलं होतं ते मात्र काढू नकोस. ‘साधेपणात आमच्या गावाने साऱ्या तालुक्यावर मात केली.’ ते खरं आहे. कोणी अर्थ विचारला तर काय झालं तेही सांगत जा.

एकच राहिलं, आणि त्याच्यासाठीच हे पत्र लिहायला बसले होते.

हेतल संध्याकाळी ओटीवर बसते. मी तिच्याजवळ जाऊन बसते, बोलते. ती उत्तर देत नाही. मला वाटलं मी चुकीच्या बाजूला बसले, म्हणून उठून तिच्या उजवीकडे गेले. ती उठली, पाट फिरवला आणि पुन्हा डावा कान माझ्याकडे करून बसली. दुसऱ्या दिवशीही तसंच. आईशी बोलते, दाजीशी बोलते, ठमाबाय येऊन तिच्या उजव्या कानाशी काहीतरी पुटपुटते तेव्हा मान हलवते. मी बोलायला लागले की पाट फिरतो.

तू आलीस की तिच्या उजवीकडे बस. मी तिथे बसणार नाही. ती जागा तुझी होती, लग्नातही.

तिच्या डाव्या बाजूला बसलेली,
वेणू